मोदक, मांस आणि मोकळीक: ख्रिस्ती स्वातंत्र्य कुठे थांबतं?

भाद्रपद लागला की गिरगाव, परळ, भायखळ्याच्या इमारतींत मोदकांच्या वाट्या जिन्यावरून वरखाली होऊ लागतात आणि ख्रिस्ती घरांत दरवर्षीचा प्रश्न निघतो. शेजारच्या काकूंनी गणपतीला नैवेद्य दाखवून आणलेला मोदक आपण खायचा का? एका घरात तो टेबलावर पोचायच्या आत संपतो. दुसऱ्या घरात वाटी हसून घेतात, दार लावतात आणि मोदक कुणाला तरी देऊन टाकतात. तिसऱ्या घरात उंबऱ्यावरच हात जोडले जातात, "काकू, राग मानू नका, पण आमच्यात प्रसाद चालत नाही." तिन्ही घरांतली माणसं रविवारी एकाच चर्चमध्ये बसतात. वाद निघालाच तर तिघंही बायबल उघडतात आणि बहुतेक वेळा तिघांचंही बोट एकाच माणसाच्या पत्रांवर पडतं. तो माणूस म्हणजे संत पौल, पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक; त्याची पत्रं बायबलमध्ये आहेत.

त्याचं म्हणणं मुळातून वाचलं तर मोदकाच्या पलीकडचीही बरीच भांडणं उलगडतात: लग्नातली दारू, चर्चमधली पंगत, संस्थेतला पगार.

पौलापुढचा प्रश्न मांसाचा होता आणि तो करिंथ शहरातून आला होता. करिंथ हे आजच्या ग्रीसमधलं, दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीजवळचं शहर. एका अंगाला लेखायन बंदर, दुसऱ्या अंगाला किंख्रिया. रोमनांनी ते इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलिअस सीझरने तिथे नव्याने वसाहत बसवली. गुलामगिरीतून सुटलेले, व्यापारी, खलाशी, कारागीर, नशीब काढायला आलेले असे दहा दिशांचे लोक तिथे दाटीवाटीने राहत. मुंबईकराला याहून जास्त सांगायला नको. पौल इथे इ. स. ५०-५१ च्या सुमारास दीडेक वर्ष राहिला, पोटासाठी तंबू बनवत. पुढे तो इफिस शहरात असताना करिंथच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, त्याला पत्र लिहून काही प्रश्न विचारले. त्यांना त्याने दिलेलं उत्तर म्हणजे करिंथकरांस पहिलं पत्र. त्यातले आठ ते दहा हे अध्याय आपल्या कामाचे.

करिंथच्या देवळांत बळी दिला जाई. त्यातला थोडा भाग देवापुढे जळे, थोडा पुजाऱ्यांकडे जाई, बराचसा जेवणावळीत संपे आणि उरलेलं बाजारात विकायला येई. खाटकाच्या फळीवरचं मांस देवळातून आलंय की थेट गोठ्यातून, हे बघून कळत नसे. शिवाय देवळांना लागून जेवणाच्या खोल्या असत. करिंथच्या उत्खननात अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या मंदिराशेजारी अशा खोल्या सापडल्या आहेत. भिंतीकडेने आडवं रेलून जेवायची बाकंसुद्धा. इजिप्तमधल्या पपायरसांवर, म्हणजे त्या काळच्या लव्हाळ्याच्या कागदांवर, तर सरापिस देवाच्या पंक्तीला अमुक दिवशी, अमुक वेळी जेवायला यावं, अशी निमंत्रणंच मिळाली आहेत. लग्नकार्य, मुलाचा वाढदिवस, आजारातून उठल्याचा आनंद, सगळं तिथेच साजरं होई. अशा आमंत्रणाला नाही म्हणायचं म्हणजे नातं आणि धंदा दोन्हीवर पाणी सोडायची तयारी हवी.

यावरून मंडळीत दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं सरळ होतं: देव एकच आहे, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग तिच्यापुढे ठेवलेलं मांस हे नुसतं मांस. दुसऱ्या गटातले लोक कालपरवापर्यंत त्याच देवांची भक्ती करत आलेले. त्यांच्या लेखी तो घास घेणं म्हणजे सोडून आलेल्या दाराने पुन्हा आत शिरणं. अशांची सदसद्विवेकबुद्धी दुर्बळ आहे, असं पौल म्हणतो. काही अभ्यासकांच्या मते यात पैशाचाही भाग होता. गरिबाच्या ताटात मांस पडायचं ते सणावारी, देवळाच्या जेवणातच. त्यामुळे त्याच्या मनात मांस आणि देव यांची गाठ पक्की बसलेली. पैसेवाला एरवीही मांस खाणारा, त्याला ती गाठ दिसतच नव्हती. मला हे पटतं. कारण याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल याच मंडळीची खरडपट्टी काढतो की तुमच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, काही जण पिऊन तर्र होतात आणि काही जण उपाशी राहतात.

पौलाने निवाडा काय दिला? तत्त्वाच्या बाबतीत त्याने पहिल्या गटाला बरोबर ठरवलं. अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही; खाल्लं नाही म्हणून काही उणं होत नाही, खाल्लं म्हणून काही वाढत नाही, असं तो साफ लिहितो. आणि लगेच पुढे म्हणतो की माझ्या खाण्याने माझा भाऊ पडणार असेल तर मी जन्मात मांसाला शिवणार नाही. बरोबर असलेल्यानेच माघार का घ्यायची, हे इथे पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी आधी दुसरी एक गोष्ट कळावी लागते.

मोकळं कशापासून?

ख्रिस्ती शिकवणीत स्वातंत्र्याचा पहिला अर्थ फार नेमका आहे. देवाने आपल्याला जवळ करावं म्हणून आपण काही कमवून दाखवायचं असतं, या धाकातून सुटका. गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, म्हणजे गलतीकरांस, लिहिलेल्या पत्रात पौल यावरून चांगलाच तापलेला आहे. तिथल्या यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना कुणी तरी सांगत होतं की आधी सुंता करून घ्या, अमुक दिवस पाळा, मगच तुम्ही पुरते. पौल म्हणतो, कृपा आधी मिळालेली आहे. मागाहून तिची किंमत मोजायला बसू नका.

ठीक. पण देव आधीच राजी असेल तर वाटेल तसं वागायला अडवणार कोण? हा प्रश्न आपण काढलेला नाही, पौलाच्या हयातीतच तो निघाला होता. करिंथमध्ये 'मला सगळ्याची मोकळीक आहे' ही जणू घोषणाच झाली होती. पौल ती खोडत नाही. असेल मोकळीक, म्हणतो, पण सगळंच हिताचं नसतं आणि सगळ्यानेच दुसऱ्याची उन्नती होत नाही. गलतीकरांना तो आणखी स्पष्ट सांगतो: तुम्हाला मोकळं केलंय, पण ती मोकळीक देहाच्या लाडांसाठी सबब म्हणून वापरू नका, तिच्या जोरावर एकमेकांची सेवा करा.

१५२० साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने हे दोन वाक्यांत बसवलं. ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा स्वामी, कुणाचाच ताबेदार नाही. ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक, प्रत्येकाचा ताबेदार. दोन्ही एकाच वेळी खरं. कसं? देवाला खूश ठेवायची धडपड संपली की माणसाची ताकद, वेळ, पैसा मोकळा होतो. तो जायचा कुठे, तर शेजाऱ्याकडे. आपल्या पुण्याची देवाला गरज नाही, शेजाऱ्याला आहे. त्याच्या कितीतरी आधी संत ऑगस्टिनने 'प्रेम कर आणि मग हवं ते कर' असं म्हणून ठेवलं होतं. ते आजही खूप जण सांगतात, बहुधा उत्तरार्धापासून.

बाजार, घर, देऊळ

आता मांसाकडे परत येऊ. पौलाने सरसकट नियम केला नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं व्यवहारज्ञान. त्याने तीन ठिकाणं वेगळी काढली.

बाजारात जे मिळतं ते विकत घ्या आणि खा, चौकशा करत बसू नका. पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. देवळातल्या पूजेच्या पंक्तीला मात्र बसू नका, कारण तिथे बसणं हाच उपासनेतला वाटा आहे. प्रभूच्या मेजावर आणि त्या मेजावर, दोन्हीकडे एकदम बसता येत नाही. तिसरं ठिकाण सगळ्यात नाजूक, म्हणजे दुसऱ्याचं घर. ख्रिस्ती नसलेल्या कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. पण तिथे कुणी मुद्दाम म्हणालं की हे देवापुढे बळी दिलेलं आहे, तर खाऊ नका. कुणासाठी? ज्याने सांगितलं त्याच्यासाठी. त्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी, तुमच्या नव्हे, असं पौल मुद्दाम लिहितो.

म्हणजे ताटातला पदार्थ तिन्हीकडे एकच असू शकतो. बदलतं ते एवढंच, की समोर कोण बसलंय आणि माझ्या घासाचा तो काय अर्थ लावेल.

दुर्बळ माणसाचं नुकसान नेमकं कसं होतं, हे पौल आठव्या अध्यायात जवळून दाखवतो. जाणता माणूस देवळात जेवायला बसलाय. नवखा त्याला बघतो. त्याचं मन अजून सांगतंय की हे चूक आहे. पण एवढा मोठा माणूस खातोय म्हटल्यावर तोही बसतो. त्याचं मत बदललेलं नाही, फक्त धीर चेपलाय. आपल्याला चूक वाटतंय तेच तो करतोय, आणि एकदा मनाचा आवाज दाबायची सवय लागली की ती मांसापाशी थांबत नाही. रोमकरांस पत्रात पौल याचं मूळ सांगतो: शंका असताना जो खातो तो दोषी ठरतो, कारण ते खाणं विश्वासातून आलेलं नसतं. पदार्थ निर्दोष असला तरी.

मोदकाला हे लावून बघू. काकू प्रसाद म्हणून सांगूनच देतात, त्यामुळे पौलाचं तिसरं कलम शब्दशः लावलं तर उंबऱ्यावर हात जोडणारं घर बरोबर ठरतं. त्या घराला संकुचित म्हणून हिणवणारे पौलाचं निम्मंच वाचतात. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असं त्याने रोमकरांना दोन्ही बाजूंनी बजावलंय. पण काकूंचा हेतू शेजारधर्माचा असतो. मी मोदक खाल्ला म्हणून त्यांना मी गणेशभक्त झालो असं वाटत नाही, आणि नाकारला तर मात्र टोचतं. मी स्वतः तो घेतो आणि खातो. आरतीचं तबक ओवाळायला मात्र पुढे होत नाही. तिथे पौलाचं देवळाचं कलम लागतं असं मला वाटतं. आणि त्या वेळी घरात कुणी नुकताच बाप्तिस्मा घेतलेला तरुण असेल, जो रोज आईशी याच प्रश्नावर भांडून चर्चला येतोय, तर वाटी घेऊन बाजूला ठेवावी. त्याच्यापुढे चवीने मोदक खाऊन माझं ज्ञान मिरवण्यात काही अर्थ नाही.

नाताळात पारडं फिरतं. आपलं फराळाचं ताट शेजारी जातं तेव्हा त्यातल्या केकमध्ये अंडं आहे, सुका मेवा रममध्ये भिजवलेला आहे, हे आपल्याला माहीत असतं. वरच्या मजल्यावरच्या जैन कुटुंबाला किंवा समोरच्या मुसलमान चाचांना नसतं. यहुदी, ग्रीक आणि देवाची मंडळी, कुणालाच अडखळण होऊ नका, असं पौल दहाव्या अध्यायात म्हणतो, म्हणजे ही जबाबदारी चर्चच्या फाटकाशी संपत नाही. करंज्या वेगळ्या डब्यात, केक वेगळ्या, आणि तोंडाने सांगून देणं, एवढ्याने काम भागतं. (खुद्द मांसाचं म्हणाल, तर २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे एक प्रश्न पौलाच्या हातातून सुटून पोलिसांकडे गेला. कायद्याने सोडणं आणि प्रेमाने सोडणं यांत फरक असतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

नाराज माणूस आणि दुर्बळ माणूस

इथपर्यंत वाचून चर्चमधले काही ज्येष्ठ खूश होतील. "बघा, पौल म्हणतो दुसऱ्याला अडखळण होईल असं काही करू नये. तेव्हा गिटार बंद करा, मुलींनी जीन्स घालून येऊ नये, आणि तो नवीन मुलगा प्रार्थना करताना हात वर का करतो?" पौलाच्या या अध्यायांचा सर्वाधिक गैरवापर इथे होतो.

गिटारमुळे त्या काकांचा विश्वास ढासळणार आहे का? ते स्वतः मनाविरुद्ध गिटार वाजवायला लागणार आहेत का? नाही. त्यांना आवडत नाही, एवढंच. पौल ज्या दुर्बळाची काळजी करतो तो कच्चा असतो, जोरात बोलत नाही, दुसऱ्याचं बघून वाहवत जातो. चर्चच्या कमिटीत तीस वर्षं बसून सगळ्यांवर डोळे वटारणारा माणूस त्यात बसत नाही. मध्ययुगातल्या धर्मपंडितांनीही हा भेद केला होता: लहानग्यांना लागणारी ठेच वेगळी आणि परूश्यांनी, म्हणजे येशूच्या काळच्या कर्मठ यहुद्यांनी, काढलेली खुसपटं वेगळी. पहिल्यासाठी आपलं पाऊल मागे घ्यावं. दुसऱ्यासाठी घ्यायलाच हवं असं नाही. येशूनेही घेतलं नव्हतं.

शिवाय सोडायचं ते ज्याच्याकडे मोकळीक आहे त्याने, स्वतःहून. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं आहे हे. तिघांच्या बाकावर बसलेले जरा सरकतात आणि चौथ्याला अर्धी मांडी टेकता येते. सरकणं हा त्यांचा चांगुलपणा. चौथा येऊन हक्काने ढकलायला लागला तर बाकावर चारच माणसं असतात, पण गोष्ट वेगळीच झालेली असते. पौल दुर्बळांना कुठेही सांगत नाही की बलवानांकडून सवलती वसूल करा. उलट मध्येच फणकाऱ्याने विचारतो, माझ्या स्वातंत्र्याचा न्याय दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीने का व्हावा?

तो स्वतः कधी वाकला आणि कधी नाही, हे पाहिलं की मेख कळते. आपला सहकारी तीमथ्य याची त्याने सुंता करवली, कारण यहुदी लोकांत काम करायचं होतं. दुसरा सहकारी तीत याची मात्र करू दिली नाही, कारण तिथे 'याशिवाय तू पुरता नाहीस' असा दबाव होता. आणि अंत्युखिया शहरात तर त्याने येशूचा खुद्द पट्टशिष्य पेत्र याला तोंडावर सुनावलं. पेत्र यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो त्या पंगतीतून उठला. वरवर बघता पेत्रही दुसऱ्यांच्या भावनाच जपत होता. पण त्याच्या जपण्यामुळे पंगतीतले बाकीचे खालचे ठरत होते. तिथे पौल इंचभरही मागे सरला नाही.

पंगत म्हटल्यावर मराठी माणसाला जास्त समजावावं लागू नये. ब्राह्मण, मराठा, महार, मांग अशा सगळ्या घरांतून ख्रिस्ती झालेल्या लोकांनी मंडळी भरली. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचं म्हटल्यावर कुणाच्या तरी भावना दुखावणारच होत्या. त्या भावना जपायला वेगळी रांग लावली असती तर अंत्युखियाचीच चूक पुन्हा झाली असती.

लक्ष्मीबाईंची चूल, रमाबाईंचं दार

आपल्याच इतिहासात याचे दोन नमुने आहेत आणि दोन्ही मुंबईशी जोडलेले.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही सोवळंओवळं आणि स्वयंपाक वेगळाच. टिळकांचा स्वभाव तापट होता, हे खुद्द लक्ष्मीबाईंनीच आठवणींत लिहून ठेवलंय. जातपात त्यांनी मनातून काढून टाकलेली, बोलण्यात बायकोला हरवणं त्यांना कठीण नव्हतं. तरी ती वेगळी चूल घरात राहिली. लक्ष्मीबाईंच्या मनातली गाठ त्यांची त्यांनाच सुटत गेली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घाई करून, दबावाखाली त्यांनी कुणाच्या हातचं खाल्लं असतं तर ते पौलाच्या अर्थाने पाप झालं असतं, जरी खाण्यात काही गैर नसलं तरी. घरातली चूल वेगळी ठेवू दिली, हे दुर्बळाला जपणं. चर्चमध्ये रांग वेगळी लावणं हा पेत्राचा मार्ग. हा फरक पकडला की बाकीचं सोपं जातं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट उलट्या बाजूची. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. तिथल्या मठातल्या सिस्टर्सना वाटलं, ही जुनी जातीची घमेंड अजून गेलेली नाही. पुडिंगवरूनसुद्धा पत्रापत्री झाली. आता गंमत बघा. ज्यांना आपण मोकळे आहोत असं वाटत होतं, त्यांनी मांस-अंडी खाणं हीच मोकळेपणाची परीक्षा करून टाकली. रमाबाईंनी ठणकावलं की आपल्या पूर्वजांच्या चालीरीती जमतील तितक्या पाळणार. मोकळीक म्हणजे खाण्याची सक्ती नव्हे, हे त्या सिस्टर्सपेक्षा त्यांना जास्त कळलेलं दिसतं.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी. तिथे हिंदू मुलींना आपापले आचार पाळायची मुभा होती. धर्मांतर करणार नाही हा शब्द होता. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात रान पेटलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दार लावून घ्यायला हवं होतं का? मी दोन्ही बाजूंनी विचार केलाय. मुलींना पूजा करायची मोकळीक असेल तर बाईंनाही आपल्या खोलीत प्रार्थनेची असलीच पाहिजे. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं. पण त्या मुलींचं अन्न, निवारा, शिक्षण सगळं याच बाईंच्या हातात होतं. ज्याच्या हातात एवढं असतं त्याच्या उघड्या दाराचं वजन इतरांच्या दारापेक्षा जास्त असतं. पालकांची धास्ती निव्वळ आकस म्हणून उडवून लावता येत नाही. तरीही एक फरक आहेच: पुण्यातल्या टीकाकारांना विश्वास डळमळलेल्या मुलीची काळजी किती होती आणि जात जाण्याची किती, हे त्या काळचे वाद वाचताना लपत नाही. मला विचाराल तर दार उघडं राहिलं ते योग्य. त्याची किंमत रमाबाईंना मोजावी लागली आणि त्यांनी ती मोजली.

पेला

मांसाइतकंच पौल द्राक्षारसाचंही नाव घेतो. बायबलमध्ये दारूला सरसकट बंदी नाही. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे सगळ्यांना पाठ असतं आणि वसई, उत्तन, गोराईकडच्या लग्नांत ते हमखास ऐकवलं जातं. थट्टेने का होईना, मुद्दा बरोबर आहे.

पण त्याच टेबलावर एक काका बसलेले असतात. सहा महिन्यांपूर्वी सोडलेली. दर आठवड्याला कुठल्या तरी पॅरिशच्या हॉलमध्ये ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या, मीटिंगला जातात. वाढप्या आला की ते आपला ग्लास पालथा घालतात आणि त्यावर तळहात ठेवतात. "अरे, पुतणीचं लग्न आहे, आज तरी घे!" असं म्हणणारा माणूस काही दुष्ट नसतो, तो प्यायला मोकळा आहे, आणि त्याची मोकळीक त्याला पचते. बाजूला बसलेला पुतण्या वाढप्याला "दोन लिंबू-सोडा" सांगतो. एक काकांना, एक स्वतःला. मांस न खाणं, द्राक्षारस न पिणं आणि ज्याने भाऊ अडखळेल असं काही न करणं चांगलं, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातलं वाक्य त्या टेबलावर एवढंच काम मागतं. भाषण नको. सबंध लग्नात दारूबंदीही नको.

प्रभुभोजनाच्या पेल्यातही हे उतरलंय. १८६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून, आंबू न देता बाटलीत भरून दाखवला, तो प्रभुभोजनासाठी. आज अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा रसच देतात. व्यसनातून उठलेल्याला पेल्याची धास्ती नको म्हणून. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, द्राक्षासवच लागतं, पण ज्या धर्मगुरूला मद्य चालत नाही त्याला वरिष्ठांच्या परवानगीने जेमतेम आंबायला लागलेला रस वापरता येतो. दोन परंपरांनी दोन वाटा काढल्या.

शेवटी पगाराचं, कारण ते कुणी काढत नाही. आठव्या आणि दहाव्या अध्यायांच्या मध्ये नववा आहे आणि मांसाच्या चर्चेत तो बाहेरून चिकटवल्यासारखा वाटतो. त्यात पौल स्वतःचंच उदाहरण देतो: सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर पोट भरायचा हक्क आहे, पण मी तो वापरला नाही. कुणाला ओझं वाटू नये म्हणून तंबू शिवले. आपला हक्क असूनही सोडायचा कसा, हे त्याने आधी स्वतःवर करून दाखवलं. पण हाच अध्याय धर्मादाय संस्थांत भलत्या कामाला जुंपला जातो. शिक्षिका, नर्स, चर्चचा घंटा वाजवणारा आणि झाडलोट करणारा माणूस पगारवाढ मागायला गेले की त्यांना सेवाभावाची आठवण करून देतात. एखाद्या पाळकाने स्वखुशीने मानधन नाकारलं तर तो त्याचा आणि देवाचा प्रश्न. कमिटीने त्याला नववा अध्याय वाचून दाखवत मानधन कापलं, तर कमिटीने थेट पंधराव्या वचनापासून वाचायला सुरुवात केलेली असते. त्याआधीच्या वचनांत पौल शिपायाची मजुरी, द्राक्षमळा लावणाऱ्याची द्राक्षं, मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसकी न बांधण्याचा नियम असे दाखले एकामागून एक देत कामकऱ्याचा हक्क मांडतोय.